ओळखपत्र घेऊन आलेला पाहुणा

कापसाच्या हंगामात सिंदी रेल्वे स्टेशनात पॅसेंजर थांबली, की डब्यात आधी रुईचे पुंजके शिरतात आणि त्यांच्यामागून माणसं. त्या दिवशीही शिरले. पण अंजूचं लक्ष ना पुंजक्यांकडे होतं, ना माणसांकडे. नागपूर सुटल्यापासून ती एका माणसाच्या नावानं बोटं मोडत होती आणि शेजारी तिची मैत्रीण प्रेरणा शेंगा फोडत ते ऐकत होती.

"किती मेल टाकले मी त्याले!" अंजू म्हणाली. "आधी हात जोडून लिहिलं, मग चिडून लिहिलं. अन् हा बाबा दरवेळी एकच उत्तर देते — 'ही चूक मला इथे दिसत नाही. अधिक माहिती पाठवा.' अरे, अमेरिकेत एसीत बसून तुले कशी दिसन? इथं येऊन पाह्य ना!"

"अमेरिकेत हाय हे तुले कोणं सांगितलं?"

"त्याच्या मेलनं. पहाटे चारले येतेत त्याचे मेल. पहाटे चारले आपल्याकडं कोण जागं असते व? अन् इतकं कोरडं इंग्रजी! नाव मातर धनंजय. इथूनच गेला असन अन् विसरला असन आपल्याले."

अंजू आणि प्रेरणा वर्ध्याला सेवाग्राम रस्त्यावरच्या एका छोट्या मेंदू-संशोधन केंद्रात कामाला होत्या. केंद्र म्हणजे भाड्याचा बंगला. पैसे बेताचे, म्हणून सगळ्या संगणकांवर फुकटातलं लिनक्स. मेंदूची चित्रं वाचणारं 'सल्कस' नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकटातलंच, जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेलं. पण अशा सॉफ्टवेअरचं एक असतं. त्याचा एक तुकडा जर्मनीत, दुसरा कॅनडात, आणि तिसऱ्याला चौथ्याशिवाय करमत नाही. हे सगळे तुकडे गोळा करून, त्यांचं आपसात पटवून, नीट गाठोडं बांधून लिनक्सवाल्यांच्या दारात पोचवणारा कोणीतरी लागतो. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. 'सल्कस'चं पॅकेज बांधणाऱ्याचं नाव होतं धनंजय, आणि ते पॅकेज अंजूच्या संगणकावर उघडलं की लगेच मान टाकायचं.

समोरच्या बाकावर सिंदीला चढलेला एक मुलगा बसला होता. मांडीवर संगणकाचा कुठलासा भाग, आणि तो भाग कापसात असा गुंडाळलेला, जसं बाळंतिणीनं तान्हं गुंडाळावं. मुलाच्या केसांतही रुई होती. एक पुंजका तर नेमका भुवईवर. त्यानं घसा खाकरला.

"तुम्ही... स्क्रीनवर काय उमटलं ते पाठवलं नाई," तो मांडीवरच्या तान्ह्याला म्हणाला.

"काय?" अंजूनं विचारलं.

"मेलमंधी. 'काहीच चालत नाही' एवढंच लिहिलं. काहीच म्हणजे नेमकं काय, हे समजल्याबिगर..."

प्रेरणाचा हात शेंगेवरच थांबला.

"तुम्ही कोण?" अंजूचा आवाज एकाएकी बारीक झाला.

"धनंजय." तो कानापर्यंत लाल झाला. "अमेरिकेतला नाई. इथलाच. बाबांच्या, म्हणजे अण्णाजींच्या, कापसाच्या जिनिंगमंधी वजनकाट्याच्या खोलीत बसतो. एसी नाई तिथं. पंखा हाय, तोबी लाइन असली त. आमच्याकडं भारनियमन असं हाय, का लाइन येते पहाटे. म्हणून मेल बी पहाटे."

पुढचं स्टेशन येईपर्यंत अंजू खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर फक्त पऱ्हाटीची, कपाशीची शेतं होती, आणि आंजी गावच्या शेतकऱ्याच्या या पोरीनं पऱ्हाटी काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. पण आत बघायची सोय राहिली नव्हती ना!

"मंग येता का?" शेवटी प्रेरणानंच विचारलं. "ती म्हणून राह्यली, इथं येऊन पाहा म्हणून."

"येतो," तो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की भुवईवरचा पुंजका उडाला.

*

तो आला. केंद्राची संगणकाची खोली म्हणजे बंगल्याचं जुनं स्वयंपाकघर. ओट्यावर संगणक, आणि फोडणीच्या जागी प्रिंटर. धनंजयनं खुर्ची ओढली, 'सल्कस' उघडलं. 'सल्कस'नं मान टाकली. धनंजयच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की अंजूला वाटलं याचं डोकं तपासायला हवं.

"दिसली!" तो म्हणाला. "चूक दिसली!"

मग त्यानं एकेक फोल्डर उघडून पाहिलं आणि थबकला.

"हे काय होय?"

"फोल्डर."

"मराठीत? 'मेंदू'? अन् हे... 'आंजीचे आजोबा'?"

"मग?" अंजूनं कमरेवर हात ठेवले. "मेंदू मराठी माणसांचे हायत. त्यांचे फोटो 'ब्रेन'मधी कायले ठेवू?"

धनंजयनं कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांच्या स्वप्नातही देवनागरी फोल्डर आलं नव्हतं, ते ठीक. पण सिंदीत जिनिंगच्या काट्यावर बसणारा हा पठ्ठ्यासुद्धा सगळ्या फायलींना इंग्रजीतच नावं द्यायचा. म्हणूनच त्याला ही चूक दिसत नव्हती.

"चूक माहीच होय," तो म्हणाला. "सिंदीत राहून मी अमेरिकेतच बसलो होतो, तुम्ही म्हणता ते बराबर हाय."

आता असं कोणी कबूल केलं, तर माणसानं भांडायचं कसं? अंजूनं मुकाट्यानं डब्यातलं वर्ध्याचं तुपाळ बिस्किट, गोरसपाक, त्याच्यापुढं केलं. त्यानं तुकडा मोडला, चुरा की-बोर्डवर सांडला, आणि दोघंही एकदमच तो चुरा टिपायला वाकली. प्रेरणाला तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवलं. शहाणी मुलगी.

आठवड्याभरात 'सल्कस'ची दुरुस्त आवृत्ती साऱ्या जगात गेली. तिच्यासोबत, रिवाजाप्रमाणे, काय काय बदललं याची टीप होती. त्या टिपेत एक ओळ होती: देवनागरी नावांची चूक शोधली — अंजू, वर्धा.

अंजूनं ती ओळ वाचली. पाणी पिऊन आली, परत वाचली.

एवढं काय त्यात? ते कळायला तिची मोठी बहीण माहीत पाहिजे. जया शाळेत खो-खो अशी खेळायची, की आंजीच्या घरातली फळी तिच्या कपांनी भरली होती. मग लग्न झालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि जयाची समृद्धी झाली. कप माहेरीच राहिले. त्यांच्यावरचं नाव आता कोणाचंच नव्हतं. ते बघून अंजूनं लहानपणीच ठरवलं होतं, की आपण काहीतरी करायचं, त्यावर आपलं नाव असायला हवं, आणि ते पुसता येऊ नये. केंद्रात मात्र काम तिचं आणि नाव साहेबांचं, असा शिरस्ता होता. ती एक ओळ म्हणजे तिच्या कामावर उमटलेलं तिचं पहिलं नाव होतं.

*

मग हिवाळाभर धनंजय दर शनिवारी वर्ध्याला येऊ लागला. कारण? 'सल्कस' मराठीत आणायचं होतं. सारे मेनू, सूचना, सारं काही. कल्पना अंजूची, मेहनत दोघांची, आणि भांडणं अखंड.

"'Are you sure?' याचं काय केलंस?" धनंजयनं विचारलं. एव्हाना 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं.

"'नक्की ना?'"

"असं कुठं असते का? 'आपली खात्री आहे काय?' असं पाहिजे. सॉफ्टवेअर होय ते."

"म्हणून काय तहसीलदारासारखं बोलन? माणूस मेंदूचा फोटो पुसून राह्यला, घाबरला हाय, अन् तू त्याले म्हणतो, 'आपली खात्री आहे काय?' माया नको का आवाजात जराशी?"

"नक्की ना..." धनंजयनं पुटपुटून पाहिलं. मग तिच्याकडं पाहून पुन्हा म्हणाला, "नक्की ना?"

अंजूनं उगाचच प्रिंटरमधले कागद सारखे केले. "हं," ती म्हणाली. "असंच ठेव."

त्यानं तेच ठेवलं. त्याच्या केसांत रुई असायचीच. ती काढायला अंजूचा हात कितीदा उठला आणि कितीदा वाटेतच की-बोर्डाकडं वळला, ते तिचं तिलाच माहीत. त्याचंही काही वेगळं नव्हतं. कोणाही परक्या माणसाच्या तक्रारीला पानभर उत्तर लिहिणारा हा मुलगा, 'सल्कस'खेरीज दुसरं काही बोलायची वेळ आली की नुसता गोरसपाक चघळायचा. तो पुण्याची नोकरी सोडून का आला, हे तिनं एकदा विचारलं.

"बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आलतो," तो म्हणाला. "मंग हे पॅकेज दिसलं. त्याले कोणी वाली नव्हता. आमच्या लिनक्सवाल्यांत त्याले अनाथ म्हणतेत. म्हटलं, आपण घेऊ दत्तक."

"अन् घरचे काय म्हणाले?"

"आई पाव्हण्यायले सांगते, पोट्टा कॉम्प्युटरवर फुकट काहीतरी करते म्हणून. बाबांले समजलं. ते म्हणे, जगातून माल गोळा करून गाठी बांधतो ना? मंग आपल्या रुईच्या गाठींचाच धंदा होय."

अशात जानेवारीत साहेबांचा लेख छापून आला. आंजीच्या आजोबांपासून साऱ्यांच्या मेंदूंची चित्रं अंजूनं जमवलेली, मोजमापं अंजूची. लेखावर तिचं नाव नव्हतं. शेवटी आभारात 'तांत्रिक साहाय्य' म्हणून दोन शब्द होते, तेही कोणाचं साहाय्य हे न सांगता. साहेब म्हणाले, "अरे, राहूनच गेलं बघ!" आणि चहा प्यायला गेले.

त्या शनिवारी अंजू रडली नाही. तिनं सरळ धनंजयला विचारलं, "'सल्कस'च्या पॅकेजवर तुह्या जोडीनं माहं नाव लागते का? सांभाळणारी म्हणून?"

"लागते ना! अर्धं काम तर तूच करते." तो खुलला. "फक्त तुही एक किल्ली पाहिजे. कॉम्प्युटरवरची. तिच्यानं आपण सही करतो, म्हणजे जगाले समजते का हे पॅकेज खरंच त्या माणसानं पाठवलं. अन् त्या किल्लीवर आमच्यातल्या कोणीतरी सही करावी लागते, का हो, या माणसाले मी ओळखतो."

"तू त्यांच्यातलाच ना? कर मग. किल्ली माही तयार हाय." अंजूनं ती आधीच करून ठेवली होती. 'अंजू' या नावानं.

"ओळखपत्र?"

"काय?"

"फोटो असलेलं ओळखपत्र पाहावं लागते. नियम होय तो. माह्या किल्लीवर सही घ्याले मी बंगलोरले गेलतो, जनरल डब्यात."

अंजूचा चेहरा उतरला. तिनं पर्समधून मतदार ओळखपत्र काढलं आणि त्याच्याकडं न बघता पुढं केलं. आजीनं हट्टानं ठेवलेलं, शाळेत पोरं चिडवायची म्हणून तिनं जगापासून लपवलेलं नाव त्यावर ठसठशीत छापलं होतं: अनसूया.

धनंजयनं कार्ड पाहिलं, मग स्क्रीन पाहिला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"नाव जुळत नाई," तो म्हणाला. "या किल्लीवर मले सही करता येत नाई, अंजू."

"म्हणजे?"

"कार्डावरच्या नावानं नवी किल्ली बनवावी लागन."

"धनंजय, हिवाळाभर इथं बसून राह्यला तू. माह्या डब्यातले गोरसपाक खाल्ले. अन् मले ओळखत नाई?"

"ओळखतो ना! पण नियम..."

"मंग तुह्या नियमालेच घेऊन बस! एकानं नाव खाल्लं, दुसरा म्हणते, नाव जुळत नाई!"

तिनं कार्ड हिसकलं आणि ती निघून गेली. धनंजय ओट्यापाशी एकटाच उरला. त्याचं चुकलं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

*

दोन शनिवार ती केंद्रात आलीच नाही. नंतरच्या शनिवारी त्याला यायचं धाडस झालं नाही. मेलही बंद. "जाऊन बोल ना व," प्रेरणा म्हणायची. "तो बोलन पहिले," अंजू म्हणायची. आणि त्यानं पहिले बोलणं म्हणजे... जाऊ द्या.

रथसप्तमीला, संक्रांतीच्या शेवटच्या वाणाला, जया माहेरी आली. फळीवरचा एक कप तिनं पदरानं पुसला, वाचला, आणि हसून म्हणाली, "ही जया कोण होती व?" मंदाबाई, म्हणजे दोघींची आई, तिळगुळाचा डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कोणीच हसलं नाही. जयाचं हसूही मग विरलं.

त्या दुपारी अंजूनं नवी किल्ली बनवली. संगणकानं पूर्ण नाव विचारलं. तिनं अनसूया लिहिलं, आणि शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच ते नाव तिला कोणाचं तरी वाटलं. आपलं वाटलं. धनंजयनं 'अंजू'वर सही केली असती, तर ती अर्ध्या नावावरच समाधानी राहिली असती, हेही तिच्या ध्यानात आलं. पण राग एवढ्यानं थोडाच जातो? तिनं मेल लिहिला: "नवी किल्ली जोडली आहे. ओळखपत्र आंजीला घरी आहे. नियम पाळायचा असेल तर आंजीला यावं लागेल."

उत्तर पहाटे आलं. "रविवारी येतो."

*

रविवारी अंजूनं एसटीच्या वेळेला फाटकाकडं बघायला सुरुवात केली. एसटी आली आणि गेली. मग धुरळा उडवत जीप आली. जीपमधून आधी उतरले पांढऱ्या टोपीतले अण्णाजी, त्यांच्यामागून जरीच्या साडीत धनंजयच्या आई लीलाबाई, आणि सर्वांत शेवटी कडक इस्त्रीच्या शर्टात, मेंढरासारखा मान खाली घातलेला धनंजय. लीलाबाईंच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती.

"अण्णाजी?" अंजूचे वडील, प्रभाकरराव, लगबगीनं पुढं आले. त्यांचा कापूस दरवर्षी अण्णाजींच्याच जिनिंगवर जायचा. "तुमी अन् आमच्या घरी?"

"पोट्टा म्हणे, आंजीले काम हाय. म्हटलं, चाल, मीबी येतो."

"कायचं काम!" लीलाबाईंनी पदर सावरला. "सकाळपासून शर्टाले इस्तरी मारून राह्यला. मी इचारलं, कुठं चालला रे? त म्हणते, एका पोरीचं ओळखपत्र पाहाले. बाप्पा! लोकं पोरगी पाहाले जातेत, हा ओळखपत्र पाहाले निंघाला. म्हटलं, असं येडं लेकरू एकटं कसं पाठवू?"

"आई, मी फक्त सहीसाठी..."

"तू चूप बस."

मंदाबाईंनी एकदा नारळाच्या शेंडीकडं पाहिलं, एकदा लेकीकडं पाहिलं, आणि कोणालाही न विचारता पोहे भिजवले.

सगळे बैठकीत बसले. कोपऱ्यात वेचणीचा कापूस छतापर्यंत रचलेला होता. अंजू बाहेर आली. हातात ट्रे नव्हता, मतदार ओळखपत्र होतं आणि एक कागद.

"पूर्ण नाव?" धनंजयनं खाली बघत विचारलं.

"अनसूया प्रभाकर."

"अरे, आधी चहा त येऊ दे!" अण्णाजी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

धनंजयनं कार्डावरचा फोटो पाहिला, तिला पाहिलं, परत फोटो पाहिला. "फोटो काही जुळत नाई."

"सरकारी फोटो होय. कोणाचाच जुळत नाई."

"माहा पाहा ना," प्रभाकररावांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. "मी त यात वारलेलाच दिसतो."

"आता तुमचं दाखवा," अंजू धनंजयला म्हणाली.

दारात उभ्या मंदाबाईंच्या हातून झारा पडला. पोरीनं मुलाचं ओळखपत्र मागावं! पण धनंजयनं ते आधीच काढून ठेवलं होतं. अंजूनं ते उजेडात धरलं आणि फोटो पाहिला. मग त्याच्याकडं पाहिलं — गरजेपेक्षा बराच वेळ पाहिलं.

"या फोटोत केसांत रुई नाई," ती म्हणाली.

"हंगाम नव्हता," तो म्हणाला.

मग दोघांनी कागद उलगडले. प्रत्येक किल्लीला आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक माळ असते. ज्याची किल्ली त्यानं ती माळ वाचायची, समोरच्यानं आपल्याजवळच्या कागदाशी एकेक मणी ताडून बघायचा. अंजू वाचू लागली. "चार, ए, सात, एफ..." धनंजय पेन्सिलीनं खुणा करू लागला. घर चिडीचूप झालं.

"हे कोणती पत्रिका होय?" अण्णाजींनी प्रभाकररावांच्या कानात विचारलं.

"कॉम्प्युटरवरची असन. नवीन निंघाली."

"गुण किती जुळले रे?" लीलाबाईंना राहवेना.

"सगळेच जुळावे लागतेत," धनंजय मान वर न करता म्हणाला. "एक जरी हुकला त बाद."

"बाप्पा!" लीलाबाईंनी हात जोडले. "आमच्या वक्ती अठरावर भागलं."

अंजूला हसू फुटलं आणि ती अक्षर चुकली. परत पहिल्यापासून वाचायला लागली. तिच्या आवाजातली ती माळ धनंजय असा ऐकत होता, की एक मणीही जमिनीवर पडू नये. शेवटचं अक्षर आलं. त्यानं खूण केली.

"जुळलं," तो म्हणाला.

लीलाबाईंनी नारळ बाहेर काढला.

"मंदाबाई, आता लपवालपवी कायले? पोरगी मले पसंत हाय. फक्त नाव तेवढं... अनसूया म्हणजे माह्या आजेसासूच्या वक्तीचं झालं. लग्नात बदलून घेऊ. अन्विता कसं हाय? शोभते का नाई पोरीले?"

हिवाळ्याच्या सुरुवातीला 'अनसूया' टाकून दे असं कोणी म्हटलं असतं, तर अंजूनं आनंदानं उडी मारली असती. आता तिला फळीवरचे कप दिसले. तिनं धनंजयकडं पाहिलं. हा मुलगा तिला आवडत होता, फार आवडत होता. मनातल्या मनात कबूल करायला आता काय हरकत होती? पण आता तो गोरसपाक चघळल्यासारखा गप्प बसला, तर नारळासकट त्याला जीपमध्ये बसवायची तिची तयारी झाली.

"नाई, आई," धनंजय म्हणाला.

"काय नाई?"

"नाव बदलाचं नाई."

"काऊन?"

"मी आत्ता कार्ड पाह्यलं, माणूस पाह्यला. आज घरी जाऊन साऱ्या जगाले सांगणार हाय, का ही अनसूया होय, मी डोळ्यानं पाहून सांगतो. अन् परवा आपणच नाव बदलून टाकलं त माही सही खोटी पडते." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "अन् मले आवडते ते नाव. हिनं मंघाशी सांगितलं तवापासून तोंडात घोळवून राह्यलो."

अण्णाजींनी मांडीवर थाप मारली.

"बराबर हाय पोट्ट्याचं! गाठीवर एकदा छाप मारला का नाव बदलता येत नाई. बाजारातली पत जाते."

"पोरीले गाठ म्हणता?" लीलाबाई नवऱ्यावर उखडल्या. मग त्यांनी मंदाबाईंकडं पाहिलं. मंदाबाई दारातच उभ्या होत्या, झारा तसाच जमिनीवर, आणि डोळे पुसत होत्या. लीलाबाईंना काय कळलं कोण जाणे. त्या जरा वेळानं म्हणाल्या, "माहं बी नाव बदललं होतं. पहिलं नाव सुलोचना. चांगलं होतं." आणि नारळ अंजूच्या ओटीत घालून म्हणाल्या, "राहू दे अनसूयाच."

"पण आई," धनंजय एकदम भानावर आला, "लग्नाचं मी कुठं काय..."

"म्हणजे तुले नाई कराचं?" अण्णाजी, प्रभाकरराव आणि लीलाबाई, तिघं एका सुरात ओरडले.

"तसं नाई... हिले इचारलंच नाई अजून मी."

"मंग इचार ना रे बाप्पा!" लीलाबाई म्हणाल्या. "का त्यालेबी ओळखपत्र लागते?"

दोघांना अंगणात पिटाळण्यात आलं. माघातलं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. निंबाखाली धनंजय उभा राहिला, हात खिशात, हात खिशाबाहेर, परत खिशात. बैठकीच्या खिडकीत चार डोकी होती आणि ती लपायचा कोणताही प्रयत्न करत नव्हती.

"अनसूया," तो म्हणाला, आणि तिथंच अडकला.

"ही चूक मले इथं रोज दिसते," अंजू म्हणाली. "तू बोलतच नाई."

"बोलतो." त्यानं श्वास घेतला. "तुह्याबिगर शनिवार जात नाई. म्हणजे रविवार बी नाई. सोमवार त... लग्न करशीन माह्याशी? पॅकेजवर नाव तुहं आधी, माहं मंग. घरात बी तसंच."

हिवाळाभर वाटेतून परत फिरलेला हात अंजूनं या वेळी परत फिरू दिला नाही. त्याच्या केसांतला रुईचा पुंजका तिनं हळूच काढला आणि तळहातावर धरून त्याच्याकडं बघत विचारलं,

"नक्की ना?"

"नक्की," तो म्हणाला. या वेळी त्यानं अधिक माहिती मागितली नाही.